तल्लफ कुठून येते?

जबलपूर शहराला शंभराहून अधिक वर्षे बिडीने पोसले आहे. 1899-1900च्या दुष्काळानंतर गुजरातेतून आलेल्या पटेल मंडळींनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी इथे बिडीचा धंदा उभा केला आणि मोहनलाल हरगोविंददास या पेढीचे नाव पुढे देशभर गेले. सातपुडा आणि मैकलच्या जंगलांत तेंदूपत्ता अमाप होता, मजूर स्वस्त होते, रेल्वे दारात होती. तंबाखू यायची गुजरातच्या चरोतरातून आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या निपाणीहून. बालाघाट, गोंदिया, भंडारा हा सगळा पट्टा याच धंद्यात ओढला गेला. मांडीवर सूप घेऊन दिवसभर बिड्या वळणाऱ्या बायकांनी त्यावर मुलांच्या फिया भरल्या, लग्ने केली. स्वदेशीच्या दिवसांत विलायती सिगारेट टाकून बिडी ओढणे ही अभिमानाची गोष्ट होती. त्यामुळे या शहरात व्यसनावर लिहिताना बिडी ओढणारा माणूस कोणीतरी परका, बिघडलेला असे समजून सुरुवातच करता येत नाही. तो आपल्या घरातला असतो. 2016-17च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात मध्य प्रदेशातले 34.2 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण 26.6 टक्के आणि देशात 28.6 टक्के होते. म्हणजे आपल्याकडे, मध्य प्रदेशात, दर तिसरा माणूस.

मी सदरला राहतो. सदर हा छावणीचा बाजार. आजूबाजूला ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स आणि सिग्नल्स यांची केंद्रे. आमच्यासारखी मराठी कुटुंबे इथे आली ती रेल्वेच्या, संरक्षण खात्याच्या कारखान्यांच्या, शाळा-कॉलेजांच्या नोकऱ्यांमुळे. घरी मराठी, दाराबाहेर हिंदी, अशी आमची रीत. आणि व्यसन ही गोष्ट या घरांत दोन्ही भाषांत लपवली जाते. मुलगा पितो हे पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांना कळू नये म्हणून आई सुट्टीतले जाणे टाळते. वडिलांची दारू हा विषय जेवणाच्या पानावर कधीच निघत नाही. निघाला तर एकच वाक्य ऐकू येते: मनावर घेतलं असतं तर केव्हाच सुटली असती.

हे पुस्तक त्या एका वाक्याला दिलेले उत्तर आहे. कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, म्हणून मी रसायनांच्या बाजूने या विषयात शिरलो. मन म्हणून आपण ज्याला हाक मारतो त्याचाही एक अवयव असतो, त्या अवयवात काही पदार्थ तयार होतात, साठतात, सुटतात, आटतात, आणि दारू-तंबाखू-अफू नेमक्या त्याच व्यवहारात हात घालतात. तो व्यवहार समजला की घरातल्या व्यसनी माणसाकडे पाहण्याची नजर बदलते. माझी बदलली.

या विज्ञानाचा एक धागा आपल्या जंगलातून निघतो, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. सर्पगंधा ही मध्य भारतातल्या वैदूंच्या ओळखीची वनस्पती. तिचे मूळ झोप न येणाऱ्याला, डोके फिरलेल्याला देत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरच्या अनुभवासह मांडले आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. 1952मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रेसर्पिन वेगळे केले. औषध खपले, पण ते घेणारे काही रुग्ण खिन्न होऊ लागले, हेही डॉक्टरांच्या ध्यानात आले. असे का, हा प्रश्न स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात आर्विड कार्लसन यांच्यापर्यंत पोहोचला. त्यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल बसले. मग एल-डोपा नावाचा पदार्थ टोचला आणि थोड्याच वेळात तेच ससे पुन्हा हालचाल करू लागले. 1957चे हे काम. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन बनते. तोपर्यंत डोपामिन ही दुसरे एक रसायन बनवतानाची मधली पायरी आहे, असेच समजले जाई. त्याला स्वतःचे काम आहे हे त्या सशांनी दाखवले. कार्लसन यांना 2000 साली नोबेल मिळाले.

त्या सशांचे नेमके काय हरवले होते? हालचालीचे बळ त्यांच्या स्नायूंत होतेच. हरवला होता तो उठून पुढे जाण्याचा रेटा. ही गोष्ट वाचकाने इथेच मनात ठेवावी, कारण पुढची बरीच वर्षे शास्त्रज्ञांनाही तिचा विसर पडला.

विसर पडण्याचे कारण एक गाजलेला प्रयोग. कार्लसन यांच्या आधीच, 1954मध्ये, कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की तारेतून मेंदूच्या विशिष्ट जागी सूक्ष्म वीजप्रवाह जाई. उंदीर ती कळ दाबतच राहिले, पुढच्या प्रयोगांत तर तासाला हजारो वेळा. यावरून मेंदूत सुखाचे केंद्र सापडले अशी हाकाटी झाली. त्या भागात डोपामिन काम करते हे कळल्यावर डोपामिन म्हणजे सुखाचे रसायन हे समीकरण वर्तमानपत्रांत रूढ झाले. आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या आरोग्यसल्ल्यांत तेच असते. ते चुकीचे आहे, आणि या चुकीमुळे व्यसनी माणसावर मोठा अन्याय होतो. त्याला मजा येते म्हणून तो पितो, असे आपण धरून चालतो.

खरा उलगडा पुढे झाला. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे एकेक स्पंदन टिपले. माकडाला अचानक फळांच्या रसाचा थेंब मिळाला की त्या पेशी जोरात स्पंदत. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. काही दिवसांत माकडाला कळले की दिवा लागला म्हणजे रस येणार. आता पेशी दिवा लागताच स्पंदू लागल्या. प्रत्यक्ष रस आला तेव्हा त्या शांत होत्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर नेमक्या त्या क्षणी त्यांचे स्पंदन नेहमीपेक्षा खाली गेले. म्हणजे डोपामिन सांगत होते ते अपेक्षेबद्दल: ठरल्यापेक्षा जास्त मिळाले, ठरल्याइतके मिळाले, की कमी. मेंदू यावरून शिकतो. कोणत्या खुणेमागे काय दडले आहे आणि कशासाठी धावायचे, हे तो डोपामिनच्या भाषेत लिहून ठेवतो.

मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी दुसरी बाजू दाखवली. ज्या उंदरांचे डोपामिन जवळजवळ संपवले होते त्यांच्या जिभेवर साखरेचे पाणी ठेवले की ते पूर्वीसारखेच मिटक्या मारत. गोडी त्यांना कळत होती. पण समोर वाटी असूनही ते चार पावले चालून तिच्याकडे जात नसत. आवडणे आणि हवेसे वाटणे या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा निष्कर्ष. व्यसनात हवेसे वाटणे वाढत जाते आणि आवडणे घटत जाते. पंधरा वर्षे पिणाऱ्या माणसाला विचारा, तो खरेच सांगतो की आता मजा येत नाही. घरचे म्हणतात, मजा येत नाही तर पितोस कशाला? त्या दोघांत भांडण होते, आणि दोघेही खरे बोलत असतात.

माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी आहेत. डोपामिन बनवणाऱ्या पेशी त्यांत जेमतेम चार ते सहा लाख. त्यांतल्या एका गटाचे तंतू मध्यमेंदूतून निघून न्यूक्लियस अकम्बन्स नावाच्या भागात आणि कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये जातात. भूक, तहान, मूल, मैत्री, काम फत्ते होणे या सगळ्यांसाठी हीच वाट. शिरा-पुरी पुढ्यात येणार हे ठाऊक झाले की प्रत्यक्ष घास घेताना या पेशी फारशा उसळत नाहीत; शिकायचे ते शिकून झालेले असते. दारू, निकोटिन, अफू, कोकेन यांचे तसे नाही. ते आपापल्या रासायनिक मार्गाने दर वेळी डोपामिन जबरदस्तीने वाढवतात. त्यामुळे मेंदूला प्रत्येक वेळी वाटते की ठरल्यापेक्षा जास्त मिळाले, आणि तो धडा पुन्हा एकदा, आणखी गडद लिहितो. हजारदा घेतलेल्या पेल्यानंतरही मेंदूचा तो धडा संपत नाही. व्यसनाचे मूळ मला इथे दिसते.

आता आपल्या बिडीकडे येऊ. सिगारेटच्या तुलनेत बिडीत तंबाखू फार थोडी, चौथा-पाचवा हिस्सा. म्हणून ती सौम्य असा समज आहे. पण तेंदूच्या पानातून हवा आत जात नाही, आणि सतत झुरके घेतले नाहीत तर बिडी विझते. ओढणारा लवकर लवकर, खोल ओढतो. धुरातले निकोटिन फुप्फुसांतून रक्तात आणि तिथून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. हा वेग महत्त्वाचा आहे. पदार्थ जितक्या झटकन मेंदूत पोहोचतो, तितके त्याचे व्यसन जडते. त्वचेवर लावायच्या पट्टीतही निकोटिनच असते, पण ते सावकाश शिरते, म्हणून पट्टीचे व्यसन सहसा कोणाला लागत नाही. तळहातावर तंबाखू मळताना चुना का लावतात, याचे उत्तरही रसायनशास्त्रात आहे. निकोटिन अल्कधर्मी आहे. चुन्यामुळे मिश्रणाचा सामू वाढतो, निकोटिनच्या रेणूवरचा विद्युतभार जातो आणि असा रेणू गालाच्या पातळ त्वचेतून सहज आरपार होतो. हे शास्त्र कोणी शिकवले नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने हातांना कळले. गोंदिया-नागपूरकडचा खर्रा, ज्यात सुपारीही घोटलेली असते, तो याच्या पुढची पायरी. सुपारीतले अ‍ॅरेकोलिन स्वतःच मेंदूवर काम करते.

मेंदूत निकोटिन ज्या ग्राहींवर, म्हणजे रिसेप्टरांवर बसते ते मुळात अ‍ॅसिटिलकोलिन या आपल्याच रसायनासाठी आहेत. निकोटिन तिथे वारंवार येऊन बसले की ते ग्राही बधिर होतात, आणि मेंदू भरपाई म्हणून आणखी ग्राही तयार करतो. रात्रभर निकोटिन मिळाले नाही की सकाळी हे सगळे वाढीव ग्राही एकदम जागे आणि रिकामे असतात. सकाळच्या पहिल्या बिडीची ओढ सगळ्यांत तीव्र का, ते यावरून कळते. झोपेतून उठल्यावर किती मिनिटांत पहिली ओढता, हा प्रश्न डॉक्टर व्यसनाची खोली मापण्यासाठी विचारतात तोही यामुळेच. बिडीशिवाय पोट साफ होत नाही ही तक्रार बहाणा म्हणून उडवून लावू नये. निकोटिन आतड्याच्या हालचालीला चालना देते आणि ते बंद झाल्यावर काही दिवस आतडे खरोखरच सुस्त राहते. दिलासा हा की हे बदल परत फिरतात. मेंदूच्या प्रतिमा घेऊन केलेल्या अभ्यासांत तंबाखू सोडल्यावर वाढलेले ग्राही सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्या माणसाच्या पातळीवर आलेले दिसले. पहिला आठवडा सर्वांत वाईट असतो.

मग तीन महिन्यांनंतर, तीन वर्षांनंतर माणूस पुन्हा का ओढतो? ग्राही तर जागेवर आले.

माझे वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. तिथे स्फोटके. गेटवर काडेपेटी आणि बिड्या काढून ठेवाव्या लागत. आत ठिणगीला मज्जाव. रोज सकाळी उठल्याबरोबर बिडी लागणारा हा माणूस पूर्ण पाळी तिच्याशिवाय शांतपणे काम करी. निकोटिनचा निम्मा साठा रक्तातून दोनेक तासांत उतरतो, म्हणजे दुपारपर्यंत त्यांच्या मेंदूत ते नावालाच उरत असणार. तरी तगमग नाही. आणि सुटीचा भोंगा झाला की गेटपर्यंतची वाट त्यांना सोसत नसे, असे ते स्वतः सांगत. लहानपणी मला हे ढोंग वाटे: आठ तास राहवते, तर घरी का राहवत नाही? या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा, इस्रायलमधल्या र्‍यूवेन दार यांच्या 2010च्या अभ्यासात मिळाले. त्यांनी सिगारेट ओढणाऱ्या विमान-कर्मचाऱ्यांची तल्लफ लहान आणि लांब उड्डाणांत मोजली. शेवटची सिगारेट ओढून किती तास झाले, यापेक्षा विमान उतरायला किती वेळ उरला, यावर तल्लफ अवलंबून होती. लहान उड्डाणात उतरण्याच्या वेळी ती शिगेला पोहोचे. लांब उड्डाणात तितकाच वेळ लोटल्यावर ती त्याहून बरीच कमी असे. जिथे मिळणार नाही हे मेंदूला पक्के ठाऊक आहे, तिथे तो मागत नाही. मिळण्याची खूण दिसली की मागतो. भोंगा म्हणजे शुल्ट्झ यांच्या प्रयोगातला दिवा.

म्हणून मेंदूचे रसायनशास्त्र कवटीच्या आत पाहून पूर्ण होत नाही. पानटपरीचा कोपरा, पगाराचा दिवस, काचेच्या ग्लासांचा आवाज, तो एक मित्र, संध्याकाळचे सात, या सगळ्यांची नोंद डोपामिनने करून ठेवलेली असते, आणि ती नोंद ग्राहींसारखी बारा आठवड्यांत पुसली जात नाही. सदरसारख्या छावणीच्या वस्तीत व्हिएतनामची हकीकत सांगायलाच हवी. 1971च्या सुमारास तिथले अमेरिकन सैनिक स्वस्त आणि शुद्ध हेरॉइन ओढत होते. परत आलेल्या सैनिकांचा अभ्यास ली रॉबिन्स यांनी केला. जवळपास पाचातल्या एकाने तिकडे आपण व्यसनाधीन झालो होतो असे सांगितले. मायदेशी आल्यावर त्यांतले पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकले ते पाच टक्क्यांच्या आसपास. पदार्थ तोच होता, मेंदूही तेच. पण तो तळ, ती भीती, ते सोबती, ती रिकामी दुपार मागे राहिली होती. आपल्याकडे याच्या नेमके उलट होते. मुलाला दूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवतात, तिथे तो ठीक असतो, आणि मग आपण त्याला त्याच गल्लीत, त्याच नाक्यावर, त्याच रिकामपणात आणून सोडतो. घसरला की म्हणतो, पैसे वाया गेले.

दारूबद्दल या पुस्तकात वेगळे प्रकरण आहे, कारण दारू सोडताना जीव जाऊ शकतो आणि हे बहुतेक घरांना माहीत नसते. मेंदूत गाबा हे रसायन ब्रेकसारखे आणि ग्लुटामेट हे अ‍ॅक्सिलरेटरसारखे काम करते. दारू ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडवते. रोज असे होत राहिले की मेंदू तोल राखण्यासाठी ब्रेक सैल करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबून धरतो. अशा माणसाने एका दिवशी दारू अचानक बंद केली की दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर तेवढा उरतो. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, माणसाला नसलेले किडे आणि माणसे दिसतात. घरात याला कधी बाहेरची बाधा समजतात, कधी नाटक. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. रुग्णालयात योग्य औषधे आणि थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, मिळाले तर माणूस वाचतो. देवळात नेऊन शपथ घालणाऱ्या, खोलीत कोंडून दारू तोडणाऱ्या नातेवाइकांचा हेतू चांगला असतो, पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी तोडणे घातक आहे.

तितकीच घातक गोष्ट म्हणजे भिंतींवर रंगवलेल्या त्या जाहिराती: न सांगता दारू सोडवा, जेवणात मिसळून द्या. अशा पुड्यांत काय आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. कधी घरचेच डायसल्फिरामच्या गोळ्या भाजीत चुरून घालतात. हे औषध दारूच्या पचनातली एक पायरी अडवते. त्यामुळे अ‍ॅसिटाल्डिहाइड साठते, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. रुग्णाला सांगून, तपासण्या करून, डॉक्टरच्या देखरेखीखाली दिले तर त्याचा उपयोग आहे. नकळत दिले आणि तो माणूस त्या रात्री अर्धी बाटली प्यायला, तर त्याचा मृत्यूही ओढवू शकतो. आणि जगला तरी आईच्या हातच्या जेवणावरचा त्याचा विश्वास कायमचा जातो. मला ही फसवणूक दारूपेक्षा कमी वाटत नाही.

आपल्या शहरात अलीकडे जास्त काळजी तरुण मुलांची आहे: कफ सिरप आणि नशेची इंजेक्शने. त्यांचे साठे पकडल्याच्या बातम्या इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत सतत येतात. सिरपमधले कोडीन अफूपासून मिळते, आणि कायदेशीर अफूचे मोठे उत्पादन आपल्याच राज्यातल्या नीमच-मंदसौर भागात होते. यकृत कोडीनचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलते. मॉर्फिन ज्या ग्राहींवर बसते ते मेंदूत आहेत हे 1973मध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवले. मग शोध लागला की तिथे बसणारी, वेदना शमवणारी रसायने शरीर स्वतःच तयार करते. बाहेरून अफू मिळत राहिली की ही घरची व्यवस्था मंदावते, आणि अचानक तुटल्यावर हाडे दुखणे, उलट्या, नाक गळणे, अंगावर काटा अशा हालांतून जावे लागते. पालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. काही आठवडे व्यसनापासून लांब राहिलेल्या मुलाचे शरीर जुनी मात्रा पेलू शकत नाही. परत आल्यावर पहिल्या घसरणीतच त्याने पूर्वीइतके घेतले, तर श्वास बंद पडतो. केंद्रातून सुटल्यानंतरचे दिवस म्हणून सर्वांत जोखमीचे.

आता आक्षेप. सगळे रसायनांनीच होत असेल तर माणसाची जबाबदारी काय? शिवाय दारू चाखणारे सगळे काही दारुडे होत नाहीत. हे दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ निम्मा निघतो. उरलेला निम्मा वय, घर, मार, गरिबी, एकटेपणा, पदार्थाची उपलब्धता यांत वाटलेला आहे. कपाळामागचा तो भाग, जो थांब म्हणतो, पंचविशीपर्यंत घडत असतो. त्याआधी सुरू झालेले व्यसन म्हणून खोल जाते. दीर्घ व्यसनात हाच भाग दुबळा होतो. मनावर घे असे आपण ज्याला सांगतो, ते मनावर घेण्याचे इंद्रियच जखमी असते. व्यसन हा मेंदूचा रोग आहे असे अमेरिकन शास्त्रज्ञ अ‍ॅलन लेश्नर यांनी 1997 साली ठामपणे मांडले. त्यावर, रोग म्हटले की माणूस हातपाय गाळतो, ही तर खोलवर गेलेली सवय आहे, अशीही टीका झाली. मला दोन्ही बाजू वाचून असे वाटते की व्यसन लागल्याचा दोष माणसाला देऊ नये आणि उपचाराची जबाबदारी त्याच्याकडून काढूनही घेऊ नये. मधुमेहाच्या रुग्णाशी आपण असेच वागतो.

महाराष्ट्रातल्या दोन प्रयत्नांचा मी इथे मुद्दाम उल्लेख करतो, कारण रसायनांच्या पलीकडचे अर्धे काम त्यांनी दाखवले. पुण्यात 1986मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेव्हा मुंबई-पुण्यात गर्द या नशेच्या पदार्थाने तरुण मुले मरत होती. तिथे औषधे होतीच, पण व्यसनातून बाहेर पडलेल्यांनीच नव्याने आलेल्यांना सांभाळायचे, बायकांचा वेगळा गट करायचा, घरी गेल्यावरही भेटी चालू ठेवायच्या, यावर भर होता. दुसरा प्रयत्न गडचिरोलीचा. लोकांच्या आंदोलनातून 1993मध्ये तिथे दारूबंदी झाली, आणि 2016पासून डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या पुढाकाराने मुक्तिपथ हे दारू आणि तंबाखू कमी करण्याचे जिल्हाभराचे काम चालू आहे. नुसती बंदी पुरत नाही, हे आपण मध्य प्रदेशातही पाहिले. 1 एप्रिल 2012ला आपल्या राज्याने गुटखा बंद केला. मग सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी विकली जाऊ लागली. गडचिरोलीत गावाने ठरवले की आपल्या गावात विकायचे नाही, तिथे शेकडो मेंदूंसमोरची खूणच हटते. दार यांच्या विमानातली स्थिती गावभर तयार होते. दारूबंदीवर उलटसुलट वाद खूप झाले आहेत. पण पदार्थ डोळ्यांआड करण्याला मेंदूच्या विज्ञानात भक्कम आधार आहे, हे मला कबूल करावेसे वाटते.

एक शेवटचा गैरसमज दूर करून थांबतो. उपचारानंतर पुन्हा पिणे म्हणजे उपचार फसला, असे घरात मानले जाते. 2000 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात थॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी तुलना केली. व्यसनाच्या उपचारानंतर 40 ते 60 टक्के लोक वर्षभरात घसरतात. रक्तदाब आणि दम्याच्या रुग्णांत पुन्हा बिघडण्याचे प्रमाण 50 ते 70 टक्के होते. रक्तदाब पुन्हा चढला म्हणून आपण बापाला घराबाहेर काढत नाही, गोळी बदलून घेतो. घसरलेल्या माणसाला दुसऱ्याच दिवशी पुन्हा डॉक्टरकडे नेणे हा उपचाराचाच भाग आहे. तंबाखूसाठी निकोटिनचा च्युइंगगम, बुप्रोपिऑन, व्हरेनिक्लिन. दारूसाठी नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट. अफूच्या पदार्थांसाठी ब्युप्रेनॉर्फिन. ही औषधे आहेत, आपल्या देशात मिळतात, आणि नियमित घेतली तर उपयोगी पडतात. तरीही 2019च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसले की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कोणतातरी उपचार मिळाला होता. बाकीच्या सदतीस घरांत अजून तेच वाक्य बोलले जात असणार, मनावर घेतलं असतं तर.

वाचकांना माझी विनंती एवढीच. तुमच्या घरात रोज पिणारे कोणी असेल तर दारू घरी अचानक बंद करू नका, त्याला न सांगता काहीही देऊ नका, आणि जबलपुरात असाल तर मेडिकल कॉलेजच्या मनोविकार विभागात त्याच्याबरोबर स्वतः जा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14446 आहे, तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356. दोन्ही क्रमांकांवर फोन मोफत लागतो.

सदर, जबलपूर